चौकटीचा तडा आणि हमीचा कागद

(बी. ए. द्वितीय वर्ष)

दुकानदाराने 'गॅरंटी आहे, घेऊन जा' असे म्हटले की आपण निर्धास्त होतो. कसली गॅरंटी, किती दिवसांची, ती देणार कोण, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. विचारले तर समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे वाटते. पंखा असो, मिक्सर असो की सायकल, खोक्यातून निघालेला कागद आपण देवळीत किंवा गादीखाली ठेवतो आणि वस्तू मोडेपर्यंत त्याची घडी उलगडत नाही.

बाजारात एक ढोबळ समजूत आहे. गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून मिळणार, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार. कायद्याच्या पुस्तकात मात्र असे काही लिहिलेले नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १२६ व्या कलमात गॅरंटी आहे, पण ती जामीनकी आहे. अमक्याने कर्ज फेडले नाही तर मी फेडीन, असे तिसऱ्या माणसाने दिलेले ते वचन. वॉरंटी हा शब्द १९३० च्या मालविक्री कायद्यात सापडतो. तिथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. मुख्य अट मोडली तर घेणाऱ्याला माल नाकारता येतो, आणि दुय्यम वचन मोडले तर माल नाकारता येत नाही, फक्त नुकसानभरपाई मागता येते. हे दुय्यम वचन म्हणजे वॉरंटी. तेव्हा खोक्यातल्या कागदावर ठळक अक्षरांत काय छापले आहे याला फारसा अर्थ नसतो, खाली बारीक अक्षरांत काय लिहिले आहे त्याला असतो.

हे सारे मी अभ्यासासाठी वाचले नाही. माझ्या सायकलीच्या चौकटीला, म्हणजे ज्याला आपण फ्रेम म्हणतो तिला, तडा गेला म्हणून वाचावे लागले. माझे वडील लोहा तालुक्यात सालगडी आहेत. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. लातूरच्या बाजार समितीत माझे मामा हमाली करतात. बारावीनंतर नांदेडला प्रवेश घेतला तेव्हा शारीरिक शिक्षणाच्या सरांनी आंतरमहाविद्यालयीन सायकल स्पर्धेत उतरण्याचा आग्रह धरला, आणि मामांनी जुलै २०२४ मध्ये लातूरच्या एका दुकानातून वाकड्या हँडलची, बारीक टायरची रोड सायकल घेऊन दिली. किंमत २६,५०० रुपये. हे पैसे त्यांनी घरावर नवे पत्रे टाकण्यासाठी जमवले होते. 'पत्रे काय, पुढल्या साली टाकू,' एवढेच ते म्हणाले. पावती अर्थातच त्यांच्या नावाची झाली. सायकलीबरोबर आलेल्या कागदावर चौकटीसाठी पाच वर्षांची आणि इतर भागांसाठी सहा महिन्यांची वॉरंटी छापली होती.

ऑगस्ट २०२५ मध्ये सराव करताना पायडलवर जोर दिला की कुरकुर ऐकू येऊ लागली. सायकल धुऊन पाहिली तर हँडलखालच्या उभ्या नळीला तिरकी नळी जिथे जोडली आहे तिथे, जोडाच्या अगदी कडेला, केसाएवढी रेघ दिसली.

अशी रेघ दिसली की पहिला प्रश्न असा की ती रंगाची आहे की धातूची. रंग वाळून तडकतो, त्याने बिघडत काही नाही. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. कापसाचा बोळा रेघेवरून हलकेच फिरवावा. धातू फाटला असेल तर कापसाचे तंतू त्यात अडकतात. रंग मात्र खरवडू नये. खरवडले की पुढे कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते. माझ्या रेघेत तंतू अडकले. दुसऱ्या दिवशी मेणपेन्सिलीने रेघेच्या दोन्ही टोकांशी खुणा केल्या. आठवड्यानंतर सायकल न चालवताही पाहिले, रेघ तेवढीच होती. चालवली असती तर वाढली असती. धावत्या सायकलीचा हा जोड सुटला तर माणूस तोंडावर पडतो, म्हणून त्या दिवसापासून सायकल भिंतीला टेकवून ठेवली.

आता हा तडा जातो कसा, ते थोडे समजून घेण्यासारखे आहे, कारण सगळा दावा त्यावरच उभा राहतो. आजोबांच्या पिढीची काळी सायकल पोलादाची असे. तिच्या नळ्या कोपऱ्यावरच्या पोलादी खोळींत बसवून पितळेचा डाख दिलेला असे. ती जड असे, पण दोन पोती आणि वर एक माणूस असे ओझे वर्षानुवर्षे वाहून नेई. आजच्या हलक्या सायकलींच्या चौकटी बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या असतात. त्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन थोड्या प्रमाणात मिसळलेले असतात. नळ्या वेल्डिंगने थेट एकमेकींना जोडतात. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारचा धातू मऊ पडतो. म्हणून चांगल्या कारखान्यात सारी चौकट पुन्हा भट्टीत तापवून, विझवून, मग बेताच्या उष्णतेत काही तास ठेवून तिची ताकद परत आणतात. हे काम कमी-जास्त झाले, किंवा जोडात पोकळी राहिली, की तो जोड नवा असतानाच थकलेला असतो.

थकलेला हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. धातूलाही थकवा येतो. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण त्याच जागी वीस वेळा वाकवली तर तुटते, हे आपण लहानपणी केलेले असते. पायडलच्या प्रत्येक दाबाबरोबर, रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याबरोबर चौकट किंचित ताणली जाते आणि सैल होते. पोलादाचे असे आहे की ताण एका मर्यादेच्या खाली असेल तर ते जवळजवळ कितीही वेळा सोसते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. ताण लहान असला तरी आवर्तने वाढत गेली की केव्हातरी चीर पडतेच, म्हणून बनवणाऱ्याने नळी पुरेशी जाड ठेवून ती वेळ खूप लांब ढकलायची असते. १९५४ साली कॉमेट नावाची ब्रिटिश जेट विमाने आकाशातच फुटली, त्याच्या तपासात हाच धातूचा थकवा कारण ठरला. विमानाच्या तुलनेत सायकल ती काय, पण धातूचा नियम तोच.

अपघाताने मोडलेली चौकट वेगळी दिसते. सायकल समोरून आदळली तर पुढचा चिमटा मागे वाकतो, तिरक्या नळीच्या खालच्या अंगाला सुरकुती किंवा फुगवटा येतो, तिथला रंग पापुद्र्यासारखा उडतो. थकव्याच्या चिरेत यातले काही नसते. नळी सरळ असते, चिमटा सरळ असतो, आणि रेघ वेल्डिंगच्या कडेला लागूनच धावते. पुढे तुकडा पूर्ण तुटला तर आतला भागही बोलतो. जिथून चीर हळूहळू सरकली तो भाग गुळगुळीत असतो, शेवटी एकदम तुटला तो भाग खरबरीत असतो.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. आपल्या भागात काही मोडले की माणूस पहिल्यांदा वेल्डिंगवाल्याकडे जातो. शे-दोनशे रुपयांत टाका मारून मिळतो. ॲल्युमिनियमच्या चौकटीला असा टाका मारला की तीन गोष्टी एकदम होतात. जोड आणखी कमजोर होतो, वॉरंटी संपते, आणि चीर कशी पडली याचा पुरावा वितळून जातो. शेजारच्या काकांनी मला गाडीवरून वेल्डिंगच्या दुकानापर्यंत सोडतो म्हटले होते. त्यांचा हेतू चांगला होता.

मी आधी कागद वाचला. त्यात लिहिले होते : वॉरंटी मूळ खरेदीदारालाच लागू, साहित्य आणि कारागिरीतील दोषांपुरतीच, अपघात, गैरवापर, कसरती, जादा भार, अनधिकृत दुरुस्ती यांना लागू नाही, मजुरी समाविष्ट नाही. शेवटी, दोष आहे की नाही याबाबत कंपनीचा निर्णय अंतिम. हे शेवटचे वाक्य वाचून पुष्कळ लोक तिथेच थांबतात. वास्तविक ते कंपनीपुरते अंतिम असते. न्यायाधिकरणाचे दार अशा एका ओळीने बंद होत नाही.

पावतीवर, कागदावर आणि चौकटीवर एकच क्रमांक आहे ना, हेही पाहिले. चौकटीचा क्रमांक पायडलच्या धुऱ्याखाली कोरलेला असतो, सायकल उलटी केल्याशिवाय दिसत नाही. मामांनी पक्के बिल घेतले होते आणि दुकानदाराकडून त्यावर क्रमांक घालून घेतला होता. पोत्यांची आवक-जावक रोज पाहणाऱ्या माणसाला मापाचे आणि पावतीचे महत्त्व शिकवावे लागत नाही. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरची पावती मात्र उन्हाने सहा महिन्यांत पुसट होते. तिची त्याच दिवशी झेरॉक्स काढून ठेवावी.

लातूरच्या दुकानात मी आणि मामा दोघेही गेलो. राष्ट्रीय महामार्ग ३६१ वरून एस. टी. ने अहमदपूर, चाकूर करत, सायकल टपावर टाकून. दुकानदार मामांशीच बोलत होते. मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही मामांकडे पाहून देत होते. 'पोरीनं कुठंतरी आपटली असेल पाहा,' असे म्हणून त्यांनी फोटो काढले आणि कंपनीला पाठवले. सायकल ठेवून घेतल्याची पोच मागितली तर 'विश्वास नाही का?' असे विचारले. मामांनी शांतपणे सांगितले, 'विश्वास हाय की शेठ, म्हणून तर सही मागायलोय.' पोच मिळाली. तीवर तारीख, चौकटीचा क्रमांक आणि 'जोडाजवळ तडा, चिमटा सरळ, नळी न वाकलेली' एवढे शब्द लिहून घेतले. नंतर सगळ्यात उपयोगी पडले ते हेच शब्द.

तीन आठवड्यांनी कंपनीचा नकार आला. कारणे दोन. एक, सायकल मूळ खरेदीदार वापरत नाही. दुसरे, तडा बाह्य आघाताने पडलेला दिसतो. फोटोंवरून दिसतो, प्रत्यक्ष सायकल पाहून नव्हे.

पहिल्या कारणाचे उत्तर ग्राहक संरक्षण कायद्यातच आहे. २०१९ चा हा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने १९८६ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. त्या जुन्या कायद्यामागे महाराष्ट्रातल्या चळवळीचाही हात होता. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा फसवल्या गेलेल्या गिऱ्हाइकाला दिवाणी कोर्टाशिवाय वाट नव्हती. २४ डिसेंबर १९८६ रोजी कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस आपण ग्राहक दिन म्हणून पाळतो. या कायद्यात ग्राहकाची जी व्याख्या आहे तीत पैसे देणारा तर येतोच, पण त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही येतो. मामाने घेतलेली सायकल भाची चालवते, नवऱ्याने घेतलेले शिलाई यंत्र बायको चालवते, म्हणून त्यांचा हक्क जात नाही. आपल्या देशात वस्तू घेणारा एक आणि वापरणारे घरभर, हेच जास्त खरे आहे. तरीही वाद कशाला वाढवायचा, म्हणून आम्ही पुढचे प्रत्येक पत्र मामांच्या सहीने पाठवले आणि आत 'वापरणारी : माझी भाची' असे माझे नाव घातले.

याच व्याख्येतली आणखी एक गोष्ट आपल्या वर्गातल्या मुलांच्या उपयोगाची आहे. पहाटे सायकलवर पेपर टाकणारे, दूध घालणारे कितीतरी जण आपल्यात आहेत. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार ग्राहक म्हणून करता येत नाही, असे त्यांना सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. स्वतःच्या हाताने राबून पोट भरण्यासाठी जो वस्तू घेतो तो ग्राहकच. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या खटल्यात हे नीट उलगडून सांगितले आहे. टंकलेखन यंत्र घेऊन स्वतः टंकलेखन करणारा, टॅक्सी घेऊन स्वतः चालवणारा, ही उदाहरणे त्या निकालातलीच.

दुसऱ्या कारणाला उत्तर दोषाचे स्वरूप सांगूनच द्यावे लागते. मी आठ फोटो काढले. चिमटा बाजूने, नळी खालून, रेघ मोजपट्टीसह, क्रमांक, आणि दुकानाची पोच. पत्रात रागाचा एकही शब्द घातला नाही. 'आपल्या मते आघात झाला असल्यास चिमटा आणि नळीवर त्याची कोणती खूण दिसते ते लेखी कळवावे, आणि चौकट प्रत्यक्ष तपासावी' एवढीच मागणी. मामा म्हणाले, 'एवढे कागद कशाला काळे करायलीस?' पण त्यांनीच ते पोस्टात नेऊन टाकले. रजिस्टर पत्राची जुनी सोय २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली. तेव्हा स्पीड पोस्टाची पावती आणि पोच दोन्ही जपून ठेवावीत.

पंधरा दिवस वाट पाहून १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक फिरवला. तिथे मराठीतही बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. पण हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे. ती तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते, हुकूम देऊ शकत नाही. तरी तक्रारीला क्रमांक पडला की कंपनीतल्या वेगळ्या टेबलावर ती जाते, असा माझा अनुभव आहे. पहिल्या टेबलावरचा माणूस नकार देण्यासाठीच बसवलेला असतो की काय कोण जाणे.

तेवढ्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. जुन्या कायद्यात अडचण अशी होती की तक्रार दुकान किंवा कंपनी जिथे असेल तिथे, किंवा व्यवहार झाला तिथे करावी लागे. म्हणजे सायकल लातूरची तर चकरा लातूरच्या. नव्या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगाकडेही जाता येते. माझ्यासारख्या नांदेडला राहणाऱ्या मुलीला एस. टी. च्या भाड्याचा हिशेब केला तरी या एका दुरुस्तीचे मोल कळेल. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. २०२० साली सुरू झालेल्या ई-दाखिलच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आली, तिच्यावर घरबसल्या अर्ज करता येतो. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करावे. नाहीतर एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि दुसरा कागदावर नसतोच.

सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. दोष डोळ्यांनी ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, तिचे शुल्क मात्र आधी तक्रारदाराला भरावे लागते. म्हणून तडा गेलेली चौकट जशीच्या तशी ठेवणे महत्त्वाचे. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत द्यावा असे कायदा म्हणतो. पण कायद्यातली मुदत आणि फलकावरची तारीख यांत अंतर पडते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही विचारावे. दोष सिद्ध झाला तर आयोग वस्तू दुरुस्त करून, बदलून किंवा पैसे परत देण्याचा हुकूम देतो, भरपाईही देववतो. हुकूम पाळला नाही तर तुरुंगवासाची तरतूद आहे.

आमचे प्रकरण आयोगापर्यंत गेले नाही. तक्रारीचा मसुदा तयार करून त्याची प्रत नोटिशीसोबत पाठवली होती. ऑक्टोबरच्या शेवटी कंपनीने चौकट मागवून घेतली, आणि नोव्हेंबरमध्ये 'ग्राहकहितास्तव' नवी पाठवण्याचे कळवले. दोष होता असे त्यांनी कुठेही लिहिले नाही. मला ते खटकले, पण मला पाहिजे होती ती चौकट, कबुली नव्हे.

नवी चौकट निळी आली, जुनी लाल होती. दुकानदारांनी जुने भाग काढून नव्या चौकटीवर चढवण्याचे १,४०० रुपये आणि वाहतुकीचे ६०० सांगितले. मजुरी समाविष्ट नाही असे कागदावर स्पष्ट होते, तेव्हा ते १,४०० मामांनी दिले. वाहतुकीबद्दल कागदात एक अक्षर नव्हते. तो कागद कंपनीनेच लिहिलेला, त्यात जे लिहिले नाही त्याचा भार आम्ही का उचलावा, असे मी विचारले. या वेळी दुकानदारांनी उत्तर माझ्याकडे पाहून दिले, 'बरं ताई, राहू द्या.'

एक गोष्ट मात्र कंपनीच्या पत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत होती. बदलून दिलेल्या चौकटीची मुदत नव्याने सुरू होत नाही, मूळ खरेदीपासूनच मोजली जाते. म्हणजे जुलै २०२९ पर्यंत. नवा क्रमांक मूळ पावतीवर लिहून, खाली दुकानाचा शिक्का मारून घेतला आहे, आणि त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या आहेत. एक नांदेडला माझ्याकडे, एक लातूरला मामांच्या पेटीत.